पिकअपची डावी सीट

माझे वडील पाटबंधारे खात्यात ड्रायव्हर होते. त्यांच्या ताब्यात एक पिकअप असे, पुढे दोन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. तीस वर्षं त्यांनी तीच गाडी चालवली. ते रिटायर झाले त्या वर्षी खात्याने ती लिलावात काढली आणि बाबांनी विकत घेतली. "लोक रिटायर झाल्यावर घराला रंग काढतात, ह्यांनी भंगार आणलं," असं आई म्हणाली. आता आई नाही. भंगार चिक्कडपल्लीत आमच्या बिल्डिंगखाली अजून उभं आहे.

ह्या गाडीत बसायचा एक नियम होता. बाबा उजवीकडे स्टिअरिंगवर, बाकीचे मागे हौद्यात. डावी सीट साहेबांची. गाडी सरकारी होती तोवर हे ठीक होतं, पण आमची झाल्यावरही तिथे कोणी बसत नसे. पन्नाशीची आई सुलतान बाजारातून साड्या घेऊन यायची आणि पिशवी काखेत मारून मागे चढायची. मी हे ऑफिसात विनोद म्हणून सांगत असे. लोक हसायचे, मीही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी बाबांना काचबिंदू निघाला, आणि तोही उशिरा. बाजूचं दिसणं गेलं होतं, समोरचं तेवढं उरलं होतं, तेही नळीतून पाहिल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, उरलेलं किती टिकतं ते बघू. घरी येऊन बाबांनी चहा घेतला आणि म्हणाले, "मला एकदा धरणाच्या टेकडीवरून पाणी बघायचं हाय."

ही टेकडी शहरापासून अडीच-तीन तासांवर आहे. वर खात्याचं विश्रामगृह होतं. बाबांनी तिथे साहेब लोकांना शेकडो वेळा नेलं असेल, म्हणून मी विचारलं, आता नवीन काय बघायचंय? "साहेब तिकडं तलावाचं पाणी बघायचे, मी इकडं रेडिएटरचं," ते म्हणाले. गाडी सोडून पुढे जायचं नाही असा त्यांचा खाक्या होता. त्यामुळे तीस वर्षं वर जाऊन तलाव त्यांनी धड पाहिलाच नव्हता.

विश्रामगृह खात्याने केव्हाच सोडून दिलं होतं आणि वरचा रस्ता वाहून गेला होता. साधी गाडी तिथे जाणं शक्य नव्हतं, आणि बाबांचे गुडघे दोन मजल्यांच्या वर त्यांना नेत नाहीत. म्हणून मी पिकअपलाच डोंगरात चढणारी करायचं ठरवलं. ह्यात बाबांवरचं प्रेम किती आणि माझी हौस किती, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

गौलीगुड्याच्या बाजूला एका गल्लीत एक उस्ताद आहेत. खात्याच्या वर्कशॉपच्या दिवसांपासून ते बाबांना ओळखतात. त्यांनी गाडीखाली सरपटत जाऊन पाहिलं आणि आतूनच निकाल दिला, "हड्डी मजबूत है मॅडम. खाली अगले पहियों कू जान देना पडता."

ती जान द्यायला आठ महिने लागले. मूळ गाडीत इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना जायचा. उस्तादांनी भंगारातल्या एका जीपचा पुढचा ॲक्सल आणला, जोर चारही चाकांत वाटायला दुसरा छोटा गिअरबॉक्स बसवला. चाकांवरच्या स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी वीतभर उचलली, इंजिनाच्या पोटाखाली दगड लागू नये म्हणून जाड पत्रा ठोकला. मोठी टायरं बसेनात म्हणून मडगार्ड कापले. आरटीओच्या परवानगीचं पुराण वेगळं आहे, ते इथे लावत नाही. बाबा रोज सकाळी वर्कशॉपमध्ये स्टुलावर जाऊन बसत आणि प्रत्येक नवा भाग हाताने चाचपत. जुनी गाडी मोडली म्हणून ते हळहळतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "खात्यानं हे तवाच कराया पायजे होतं."

गाडी चालती झाल्यावर मी दर रविवारी उस्तादांबरोबर शहराबाहेरच्या एका बंद खाणीत जाऊन ती चालवायला शिकत होते. बाबांना वाटत होतं, उस्ताद ट्रायल घेतात आणि मी हौसेनं सोबत जाते. त्यांनी गृहीत धरलं होतं की टेकडीवर जायच्या दिवशी कोणीतरी ड्रायव्हर येईल. मी गृहीत धरलं होतं की मी चालवणार हे त्यांना कळलेलंच आहे. आमच्या घरात महत्त्वाची गोष्ट सोडून सगळं बोललं जातं.

निघायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि थेट मागे जाऊन हौद्यावर चढायच्या तयारीला लागले.

"बाबा, पुढे बसा."

"पुढं तू बस. मी हितं बरा हाय. ड्रायव्हर कवा येतो?"

"मीच चालवणार आहे."

त्यांनी हौद्याच्या कडेवरचा हात काढला. मला नळीत पकडायला त्यांना थोडी मान फिरवावी लागली. "तुला हापिसची गाडी हाय. ड्रायव्हर हाय. तुला ष्टेरिंग धराया लागू नये म्हून मी जल्मभर धरलं. आन तू पगार घालून ड्रायव्हर व्हायलीस?"

"मग डावीकडे कुणाला बसवू? तुमच्या साहेबांना बोलावून आणू का?"

हे मी बोलले. खालच्या किराणा दुकानापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. बाबा जिन्याच्या कठड्याला धरून, एकेक पायरी चाचपत वर घरी गेले. चूक माझी होती आणि राग मला त्यांचाच येत होता.

त्या आठवड्यात मला एक जुनी गोष्ट आठवली. परीक्षा पास होऊन मला अधिकाऱ्याची नेमणूक मिळाली, त्या दिवशी आम्ही तिघं पिकअपमधून पेढे आणायला गेलो होतो. बाबा मला म्हणाले होते, "पुढं बस." मला वाटलं चेष्टा करतात. मी हसून आईजवळ मागे चढले. त्यांनी परत कधी म्हटलं नाही, आणि सीट रिकामीच राहिली. इतकी वर्षं मी ऑफिसात ज्याचा विनोद करून सांगत होते ते हेच होतं. मला स्वतःची लाज वाटली. पण माफी मागायला गेले तर ते टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तीन महिने गाडी खाली उभी राहिली. मधे डोळ्यांची तपासणी झाली. नळी आणखी बारीक झाली होती. मी उस्तादांना फोन करून नुसतं तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले, चहा घेतला आणि माझ्याकडे न बघता बाबांशी बोलले, "मॅडम अकेले नई चढा सकते. बाजू में एक आदमी होना, रस्ता बोलने कू. वो रस्ता किसकू याद है, बोलो? मेरे कू नई है."

बाबांनी कप बशीत ठेवला. "म्हंजे डावीकडं काम हाय?"

"हौ. कामच है."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. गाडी आता उंच झाल्यामुळे चढायला त्यांना एक लाकडी पाट ठेवावा लागला. दार मीच उघडून धरलं, ते हात टेकून चढले आणि सीटच्या अगदी कडेवर बसले, पाहुण्याच्या घरी बसतात तसे. हमरस्त्यावर दोन तास ते तसेच कडेवर बसून होते. टेकडीच्या पायथ्याशी मी छोट्या गिअरबॉक्सची दांडी टाकली, तेव्हा त्यांनी आवाज ऐकून मान हलवली आणि मग कामाला लागले.

"हितून उजवं धर. आता मोठा खडक येईल." खडक आला. "थांबू नको, थांबली की फिरतंय चाक." एका ठिकाणी चाक फिरलंच, गाडी कडेकडे घसरली. बाबांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला, पण आवाज शांत होता. "सोड. थोडी मागं येऊ दे. आता दे हळू." गाडी चढली. रस्ता त्यांना दिसत नव्हता, ते फक्त आठवणीतून बोलत होते, आणि आठवणीतला रस्ता वाहून गेलेल्या रस्त्याखाली अजून शाबूत होता.

वर विश्रामगृहाच्या भिंती तेवढ्या उरल्या होत्या. कड्यापासून बऱ्याच अंतरावर मी गाडी उभी केली. पाणी भरपूर होतं. मी उतरून पुढे गेले, मागे वळून पाहिलं तर बाबा आतच. मला वाटलं, काचेतून बघतायत. मग त्यांचा हात दिसला. तो दाराच्या आतल्या अंगावर फिरत होता, वर, खाली, काच फिरवायच्या दांडीवर, परत वर. ह्या गाडीचा बोल्ट न् बोल्ट त्यांना पाठ होता. पण डावं दार त्यांनी जन्मभर बाहेरून उघडलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "ह्याची कडी कुठं असती गं?"

मी दारापाशी गेले. बाहेरच्या मुठीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"आणखी खाली, बाबा. गुडघ्यापाशी. मागे ओढा."