मॅडमनी न उघडलेली फाईल

आलेख जुळला की आमच्या मॅडम घाबरायच्या. आम्ही पेढ्यांची भाषा सुरू करायचो आणि त्या खुर्चीत मागे सरकून म्हणायच्या, “इतकं चांगलं कसं आलं? परत बघ.” कॉलेजात त्यांचं नावच ‘परतबघ मॅडम’ पडलं होतं.

त्या बेलापूरच्या, बौद्ध कुटुंबातल्या, घराण्यातल्या पहिल्या पीएच.डी. “माझी चूक झाली तर लोक ती माझ्या एकटीची धरणार नाहीत गं,” असं एकदाच बोलल्या होत्या.

मी पारनेरची, त्यांची संशोधक विद्यार्थिनी. विश्वात न दिसणारं कृष्णद्रव्य आहे आणि विश्वाला वेगानं पसरवणारी कृष्णऊर्जा. दोन्ही आपापल्या वाटेनं जातात, की एकातून दुसऱ्यात काही झिरपतं? झिरपत असेल तर काय दिसेल, याचं गणित आम्ही मांडलं होतं. ते दूरवर स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या अंतरांशी आणि दीर्घिकांच्या मांडणीशी ताडून पाहत होतो. उत्तर आलं, झिरपतं. मॅडमनी चार महिने तपासायला लावलं, मगच शोधनिबंध पाठवला. तो स्वीकारला गेला.

पुढच्याच आठवड्यात मला दिसलं, की ताऱ्यांच्या दोन याद्या जोडताना कित्येक तारे दोन्हींत आले होते, वेगळ्या नावांनी. तेच तारे आम्ही दोनदा धरले होते. म्हणून उत्तर इतकं ठाम दिसत होतं. दोन दिवस कुणालाच सांगितलं नाही. शिष्यवृत्ती जाईल, मॅडमचं नाव जाईल. त्या हृदयाच्या दुखण्यानं घरी पडून होत्या. हे ऐकून त्यांना काही झालं तर?

तिसऱ्या दिवशी एसटीनं बेलापूर गाठलं. दारात त्यांच्या आई होत्या. “लई बोलू नको. तिला दम लागतो,” म्हणाल्या.

तरी सांगितलं.

“मला महिन्यापूर्वीच शंका आली होती,” त्या म्हणाल्या. “याद्या जोडलेली ती फाईल मी उघडलीच नाही. भ्याले.”

चुकीपेक्षा त्या वाक्यानं मी जास्त हादरले.

त्यांनी लॅपटॉप मागितला. निबंध मागे घेत असल्याचं पत्र स्वतः लिहिलं, चूक स्वतःची म्हणून.

“मॅडम, याद्या मी जोडल्या.”

“तपासायचं काम माझं होतं.”

पाठवायचं बटणही त्यांनीच दाबलं.

तारे एकदाच धरल्यावर काही झिरपतं असं ठामपणे म्हणता येईना. माझ्या प्रबंधात तेवढंच आहे. तोंडी परीक्षेच्या पंधरा दिवस आधी मॅडम गेल्या.

परीक्षकांनी विचारलं, “ही चूक कुणाच्या लक्षात आली?”

“मॅडमना आधी शंका आली होती,” मी म्हणाले.

ते खरंच होतं. त्यापुढचं मी सांगितलं नाही.