ठकी हाक मारायला शिकते

माझा धाकटा भाऊ जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतो. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. त्याची मुलगी ठकी वर्षाची असताना तिची आई गेली. तेव्हापासून पोर बापाच्या दुकानातच वाढली, स्प्रिंगांवर उड्या मारत, फोमच्या तुकड्यांची घरं करत. मी वरच्या खोलीत राहते, पण बस चालवते, त्यामुळे दिवसभर रस्त्यावरच.

ठकीचं सगळं बोलणं हातांनी. बापाने पाठ केलेली असली की ती लाकडी जमिनीवर पाय आपटायची. त्याला तळपायातून कळायचं. माझ्याशी बोलायची, पण कानाला तोंड लावून, पुटपुटत. मोठ्याने बोलायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

बालवाडी सुरू व्हायच्या आधी आम्ही तिघं बाईंना भेटायला गेलो. बाई फळ्याकडे वळल्या, तशी ठकीने धाडकन पाय आपटला. बाई दचकल्याच.

"काय गं, राग आला का?"

ठकी माझ्यामागे दडली. निघताना बाई मला म्हणाल्या, "हुशार आहे हो. फक्त काही लागलं तर हाक मारायला शिकवा. एवढ्या पोरांच्या धिंगाण्यात पाय आपटलेला मला कसा कळणार?"

भाऊ त्यांच्या ओठांकडे बघत होता. बाहेर येताच त्याने हातांनी विचारलं, "काय शिकवायचंय?"

"हाक मारायला. मी शिकवते, तू नको काळजी करू."

त्याने मान हलवली. "मुलगी माझी आहे. मीच शिकवणार."

हसावं की रडावं, मला कळेना. उभ्या जन्मात ज्याने हाक ऐकली नाही, तो काय शिकवणार!

दुसऱ्या दिवशी कामावरून आले, तर त्याने एका उंच स्टुलाच्या चौकटीवर रेक्झिन ताणून ठोकलं होतं, अगदी ढोलासारखं. वर चिमूटभर लाकडाचा भुसा. ठकी स्टुलाखाली उभी, तोंड वर करून पुटपुटत होती. भुसा ढिम्म हलेना. ती डोकं बाहेर काढून बापाचा चेहरा बघायची. तो खूण करायचा, अजून.

"बाई," ती म्हणाली. दोन-चार कण थरथरले. बापाच्या भुवया वर गेल्या.

"बाई!" भुसा हलला. बाप वाकून बघायला लागला.

"बाईऽऽ, मला शू लागलीऽऽ!"

भुसा असा उडाला की निम्मा भावाच्या मिशीत. दोघं हसून हसून जमिनीवर लोळले.

मग काय, ठकीचं तोंड बंद होईना. दारात गिऱ्हाईक आलं की आतून आरोळी, "बाईऽऽ!" एक आजोबा खुर्ची न्यायला आले होते, बिचारे म्हणाले, "अगं, मी बाई नाही गं."

बालवाडीच्या पहिल्या दिवशी मी रजा टाकली. फाटकापर्यंत ठकीने बापाचं बोट घट्ट धरलं होतं. आतला मातीचा ढीग दिसला आणि तिने बोट सोडलं ते सोडलंच. मागे वळूनही पाहिलं नाही. भाऊ तिथेच खांबासारखा उभा. शेवटी मी त्याला ओढत नेलं.

सुटायच्या वेळी गेलो, तर बाई हसत बाहेर आल्या. "तुमची लेक सगळ्या वर्गाच्या वतीने हाका मारते! एक मुलगा कोपऱ्यात गप्प बसला होता, कुणाला काही सांगेना. ही उभी राहून ओरडली, 'बाई, ह्याला शू लागली!' आणि खरंच लागली होती हो. न बोलणाऱ्याचं हिला बरोब्बर कळतं."

मी भावाला सगळं हातांनी सांगितलं. तो खूप वेळ हसला. ठकी पुढे पळत होती. मग त्याने मला थांबवलं आणि विचारलं, "कसा आहे गं तिचा आवाज?"

हे त्याने आजवर कधी विचारलं नव्हतं. घोगरा म्हणजे काय, ते याला कसं सांगायचं? विचार करत दुकानापर्यंत आले. तिथे कापडांचे नमुने टांगलेले होते. रेशमी कापड बाजूला सारलं, रेक्झिनही. जाड मखमलीचा तुकडा काढला, त्याचा हात धरला आणि त्यावरून लवेच्या उलट दिशेने फिरवला.

"असा," मी म्हणाले.

त्याने डोळे मिटले आणि पुन्हा एकदा, सावकाश, हात फिरवला.