बाईंच्या कॅमेऱ्याची मूठ

कोणतीही वस्तू हातात घेतली की बाई डोळे मिटायच्या. वांगं असो, कुलूप असो, नाहीतर एसटीतला दांडा असो. आधी मूठ वळायची, मग डोळे मिटायचे, जरा वेळ तसंच थांबायचं आणि निकाल द्यायचा. "बसते." नाहीतर, "नाई बसत." बाजारातली भाजीवाली म्हणायची, "बाई, वांगं खायाचं असते, धरून बसाचं नाई." बाई ते खाली ठेवून दुसरं उचलायच्या.

माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या तेव्हा "जय भीम, भाऊ" म्हणाल्या, आणि माझं "राम राम" पुरं व्हायच्या आत माझी पटाशी उचलून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. माझ्या हत्याराला मी कोणाला हात लावू देत नाही. मी म्हणालो, "ते माझ्या हातात बसते, बाई. ठेवा खाली."

"म्हणून तर आली," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात बसंन असं काही करून द्या."

मी वाढई आहे, सुतार म्हणा. सावली गावात रस्त्याला लागून माझं टिनाचं छप्पर आहे. शाळा चौथीत सुटली. पण विळ्याची मूठ आणि कुऱ्हाडीचा दांडा माझ्यासारखा या पट्ट्यात कोणी करत नाही. हे मी नाही सांगत, लोक सांगायचे. आता धान मशीन कापते आणि विळे प्लास्टिकच्या मुठीचे येतात. मी तरी रोज दुकान उघडतो. घरी बसून भिंतीकडे पाहण्यापेक्षा रस्त्याकडे पाहावं.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. सारी नोकरी वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांत गेली, आधी पायी, मग सायकलीनं. तुम्हीही अशी नर्सबाई पाहिली असेल. गावातलं प्रत्येक पोर तिच्या हातावर जन्मलेलं असतं आणि नाव कोणालाच माहीत नसतं. निवृत्त झाल्या, आणि लोक देवाधर्माला लागतात तशा त्या फोटोला लागल्या.

त्याचंही कारण होतं. आमच्याकडे म्हातारं माणूस गेलं की घरचे आधार कार्ड घेऊन स्टुडिओत जातात. तो बोटाएवढा फोटो मोठा करतात, मागे निळा पडदा लावतात, अंगावर कोणाचा तरी कोट चढवतात. जन्मभर बंडीवर राहिलेला माणूस भिंतीवर साहेब होऊन बसतो. बाईंना ते पाहवत नसे. "जिता होता तवा दवाखान्यात नाई आणला," त्या म्हणायच्या, "आन् आता कोट घालून राह्यले." म्हणून त्या गावोगाव जाऊन म्हाताऱ्यांचे फोटो काढायच्या आणि छापून घरी नेऊन द्यायच्या.

कॅमेरा मोठा विचित्र होता. काळा, लोखंडासारखा जड आणि ओल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. रीळ लागत नव्हतं, डिजिटल होता, पण नेम मात्र आपल्यालाच धरावा लागायचा. बाईंनी मला त्याच्या कोपऱ्यातल्या लहान खिडकीतून पाहायला लावलं. समोरची बाभूळ मला दोनदा दिसली, एकीच्या अंगावर एक, प्यायलेल्या माणसाला दिसते तशी.

"आता पुढचं कडं फिरवा. दोनाची एक झाली का झालं."

मी फिरवलं. बाभूळ आपल्या जागी आली. मला आवडलं ते, पण मी तसं बोललो नाही. म्हणालो, "हलका घ्या ना एखादा. नाईतर फोन आहेच."

"फोन पाह्यला का माणूस दात काढते. याले पाह्यलं का गप बसते."

भानगड त्यांच्या हातात होती. संधिवातानं बोटांचे सांधे सुजले होते, अंगठा बुडातून वाकडा झाला होता. आणि त्या कॅमेऱ्याला धरायला कुठे काही नव्हतं. सपाट पेटी. बाईंनी त्यासाठी काय काय मागवलं होतं ते त्यांनी पिशवीतून माझ्या पाटावर काढलं, दवाखान्यात ट्रेमध्ये सुया मांडतात तसं ओळीनं.

एक कॅमेऱ्याला घालायचा चामड्याचा अर्धा अंगरखा होता. "उन्हाळ्यात घामानं सुटते, पावसाळ्यात बुरशी येते." मनगटात घालायचा पट्टा होता. "हा पडू देत नाई, पण धरूबी देत नाई." अंगठा टेकवायला वरच्या खाचेत सरकवायची पितळी पट्टी होती. तिच्यावर बाईंचा अंगठा पोचत होता, पण टेकत नव्हता. बटणावर चढवायची एक लहानशी टिकली होती, ती मात्र "बसते". आणि एक बुडाला स्क्रूनं लावायची मूठ होती, खाली बोट अडकवायची कडी असलेली. बाईंनी सकाळी त्या कडीत बोट घातलं आणि दुपारपर्यंत सांधा सुजला. मग चहाच्या टपरीवर बसून टपरीवाल्याच्या खोबरेल तेलानं ते बोट सोडवावं लागलं होतं. "त्यो म्हणते, बाई, या वयात कोणाची अंगठी घातली?" हे सांगताना बाई खोकला लागेपर्यंत हसल्या.

मी विचारलं, "एवढी घाई कायची आहे? बरा होऊ द्या हात."

"हा बरा होत नसते, भाऊ. आन् दाई थांबत नसते."

मग त्यांनी सांगितलं. नदीपलीकडच्या एका गावात एक म्हातारी दाई होती. बाई नवीन नोकरीला लागल्या, पहिल्याच बाळंतपणाला गांगरल्या, तेव्हा ती मागे उभी होती. "कोर्समध्ये शिकवलं ते कागदावरचं. हात तिनं शिकवला मले." आता ती खाटेला लागली होती. तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डही निघालं नव्हतं, कारण तिच्या बोटांचे ठसेच मशीनवर उमटत नव्हते. म्हणजे ती गेली असती तर मोठा करायलाही काही नव्हतं. बाई दोनदा जाऊन आल्या होत्या. त्यांनी मला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर ते फोटो दाखवले. हात हलला होता. म्हातारीला दोन तोंडं होती आणि दोन्ही पुसलेली.

"बाहेर उजेडात काऊन नाई आणत तिले?"

"म्हणते, घराबाहेर मी आता एकदाच जाईन."

"तिपाई?"

"नेली होती ना. तिपाई पाह्यली आन् बोलली, मोजणीवाले आले का व? आन् भिंतीकडे तोंड करून झोपली."

मी काम घेतलं. माझ्या बापाची एक रीत होती, तीच माझी. मूठ करायची तर आधी ज्याची मूठ आहे त्याच्या हातात कुंभाराकडचा ओल्या मातीचा गोळा द्यायचा. त्यानं तो आवळायचा. मग ते वाळवून त्याबरहुकूम लाकूड कोरायचं. कापणीच्या आधी बाया दुकानासमोर ओळीनं बसून गोळे आवळत, आणि कोण नवऱ्यावर रागावून आली आहे ते मला गोळ्यावरून समजे. बाईंनाही मी गोळा दिला. त्यांनी दात खाऊन आवळला. मी धावड्याचं लाकूड घेतलं, कारण धावडा फुटत नाही, आणि मूठ अशी बसवली की कुऱ्हाड मारली तरी सुटू नये.

बाईंनी ती धरून कॅमेरा उचलला. डोळे मिटले.

"मूठ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण मी धान कापाले नाई चालली, भाऊ."

पहिलं बोट बटणापर्यंत जात नव्हतं. चारही बोटं मुठीत आवळलेली, विळ्यावर असतात तशी. वर धावड्याचं वजन. आणि बॅटरी बुडातून निघते हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्या जागी मुठीचे आटे गच्च आवळून टाकले होते.

"मूठ बरोबर आहे," मी म्हणालो. "तुमचा हात बरोबर नाई."

"हात आता दुसरा कुठून आणू?"

"मग लाकडाले कायले बोल लावता? माझ्या बापानं असंच केलं, मीबी असंच केलं. एक बाई नाई आली वापस." माझा आवाज चढला. उन्हाचे दिवस, वर टीन. मला गरगरलं आणि मी पाटावर बसलो.

बाईंनी पुढे होऊन माझं मनगट धरलं. तीन बोटं एका ओळीत, अंगठा मागून नुसता टेकलेला. "बीपी वाढलं दिसते तुमचं. रोज किती मीठ खाता?"

मी त्यांच्या हाताकडे पाहत होतो. तोच वाकडा अंगठा, तेच सुजलेले सांधे. पण हात हलत नव्हता. जरासुद्धा नाही. इतकी वर्षं माणसांच्या नाड्या पाहून तो हात तेवढ्या एका धरण्यात मुरला होता.

"तसंच राहा," मी म्हणालो.

"अजी, आधी पाणी तर प्या!"

"हलू नका म्हणतो ना." दुसऱ्या हातानं मी ओली माती ओढली, मनगटाएवढी केली आणि त्यांच्या बोटांखाली सरकवली. "आता याची नाडी पाहा."

"मातीची?"

"पाहा म्हणतो ना."

बाईंनी डोळे मिटले आणि मातीची नाडी पाहिली. रस्त्यावरून जाणारे दोघं थांबून आमच्याकडे पाहत होते. पाहू द्या म्हटलं.

या वेळी मी शिवणीचं लाकूड घेतलं, वजनाला हलकं. तीन बोटांना तीन उथळ खळगे, मागे अंगठ्याला बसायला एक लहानसा उंचवटा, पहिलं बोट मोकळं. बुडाला पकडायला सोपी अशी लाकडी चाकी, म्हणजे बॅटरी काढायला मूठ सोडवताना ती तळहातानंही फिरावी. कानस मारली, मग काचेच्या तुकड्यानं घासली. बाई आल्या, मूठ लावली, डोळे मिटले. या वेळी त्या "बसते" असंही म्हणाल्या नाहीत. "उद्या चालता का?" एवढंच विचारलं.

मी कोणाच्या घरी काम पोचवायला जात नाही. पण माझी मूठ कॅमेऱ्यावर काय करते ते मला पाहायचं होतं. आम्ही ऑटोनं पूल ओलांडून गेलो. रस्ताभर बाईंनी मला मिठाबद्दल बोलून घेतलं.

दाई अंधाऱ्या खोलीत खाटेवर होती, वाळल्या शेंगेसारखी. बाई खाटेसमोर जमिनीवर बसल्या. कॅमेरा वर केला. त्याची खिडकी कोपऱ्यात असल्यामुळे उजवा डोळा खिडकीला आणि बाकी अर्धं तोंड कॅमेऱ्याच्या बाहेर राहिलं.

"तोंड काऊन लपवतेस व पोरी?" म्हातारी म्हणाली.

"लपवत नाई, माय. अर्धं दिसून राह्यलं ना?"

"दिसते. म्हातारी झाली तू."

"तुझ्यापरीस लहानच आहो."

"जेवली का?"

"तू हलू नको, मंग जेवतो."

मी दारात उभा होतो. अंधारात कॅमेऱ्याला जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो, तेवढा वेळ हात दगडासारखा पाहिजे, हे मला बाईंनी समजावलं होतं. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो. तीन बोटं खळग्यांत. अंगठा मागून टेकलेला. बटण दाबल्याचा आवाज आला तो वाळलं पान पायाखाली आल्याएवढा.

फोटो झाले. बाईंनी कॅमेरा मांडीवर ठेवला, आणि बोटं उघडेनात. आकडी आल्यासारखी मुठीवर तशीच राहिली. बाई हसायला गेल्या, पण दुखत होतं ते दिसलं. मी पुढे झालो तर म्हातारीनं मला हातानंच थांबवलं. कोपरावर उठली, सुनेकडून मोहाचं तेल मागवलं, बाईंचा हात आपल्या मांडीवर ओढला आणि एकेक बोट चोळून सोडवायला लागली. करंगळी, मग तिच्या शेजारचं. "किती येळा सांगतलं," ती पुटपुटत होती, "जोर नाई लावाचा. आपणहून येऊ द्याचं." कोणत्या जुन्या गोष्टीबद्दल ती बोलत होती, कोण जाणे. बाई मान खाली घालून ऐकत होत्या, नवीन लागलेल्या नर्ससारख्या.

मी बाहेर येऊन ऑटोत बसलो. थकलो होतो.

फोटो चांगला आला. छापून, फ्रेम करून बाईंनीच नेऊन दिला. पावसाळा लागला तसे त्यांचे हात आणखी गेले. स्वतःचं स्वतः रांधणंही होईना, म्हणून मुलगी येऊन त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना दुकानावरून गेल्या असतील, पण त्या दिवशी मी घरीच होतो, गुडघा धरला होता. दिवाळीच्या आधी त्या गेल्याची खबर आली. दवाखान्यातच गेल्या म्हणे. मूठ कुठं आहे ते मी विचारलं नाही. असलं काही विचारायचं नसतं.

आज जाते, उद्या जाते असं ज्या म्हाताऱ्या दाईचं सगळे म्हणत होते, ती धान घरात येईपर्यंत राहिली. तिला बाईंचं कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारीच्या तेरवीला मी गेलो. ओसरीवर तोच फोटो ठेवला होता, हार घालून. निळा पडदा नाही, कोट नाही. तीच खोली, तीच फाटकी गोधडी, आणि म्हातारी, जशी होती तशी. तिच्या घरचा एक जावई, सिरोंच्याकडचा, कधी इकडे न आलेला, बराच वेळ फोटोसमोर उभा होता. मग मला म्हणाला, "फोटो साफ आहे, काकाजी. पण आजी समोर पाहत नाई. बाजूले पाहते. फोटोवाल्यानं सांगाले पायजे होतं ना."

"ते बाईकडे पाहून राह्यली," मी म्हणालो.

"कोणती बाई?"

आतून पंगत बसल्याची हाक आली. मी चपला काढल्या, पाय धुतले आणि जाऊन बसलो.