शिडी कुणाकडे जाणार

आमच्या ह्यांनी आयुष्यात बास्केटबॉलला हात लावलेला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कुणी वेड्यात काढायला नको. उंची बेताची, पोट जरा पुढे, जिना चढताना अर्ध्यावर थांबून कठड्याकडे असे बघतात की जणू कठडा बघायलाच थांबलेत. आणि हाच माणूस बारा कॉलेजांच्या बास्केटबॉल टीममध्ये यंदा कोणती नवीन पोरं आली, कोण कामाचा, कोण नुसताच उंच, यावर पानंच्या पानं लिहितो. ते वाचायला लोक ताटकळत बसतात म्हणे. असतात एकेक.

कॉलेजं खरी नाहीत, पोरंही खरी नाहीत. सगळा कॉम्प्युटरमधला कारभार. बारा माणसं आपापल्या घरी बसून एकेका टीमचे कोच होतात. बारा टीमच्या त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं हे कुठे भाषण द्यायला निघाले, शर्टसुद्धा काढून ठेवला होता मी. दर हंगामाला चौथ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं पास होऊन जातात आणि कॉम्प्युटर नवीन पोरं तयार करतो. त्यांना नाव, उंची, गाव, स्वभाव, सगळं देतो. मग कोचांनी त्या पोरांना पत्रं पाठवायची, फोन करायचे, शब्द द्यायचे, ‘आमच्याकडे ये, पहिल्या वर्षापासून खेळवतो’ म्हणायचं. ज्याचं पटेल त्याच्याकडे पोरगा जातो. दिलेला शब्द मोडला तर निघूनही जातो. खेळ खोटा असला तरी तेवढं एक त्यात बरं आहे.

भरती आटोपली की हे आढावा लिहितात. आम्ही ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवतो, तेव्हा लिहिण्यातही तोच वास. गिऱ्हाईक कपडा देतं तेव्हाच त्याच्यातले दोष पावतीवर लिहायचे असतात, कॉलर विटलेली, बटण गेलेलं, म्हणजे उद्या आपल्या नावाने शंख नको. पोरांचंही हे तसंच लिहितात. ‘खांदा भक्कम, अस्तर कच्चं. दुसऱ्या अर्ध्यात दम तुटणार.’ ‘दिसायला झकपक, एका धुण्यात रंग जाईल.’ लोक हसून हसून लोळतात आणि मुकाट्याने मानतातही.

चालवतो म्हणाले खरं, पण दुकान आमचं नाही. ह्यांच्या थोरल्या भावाचं, म्हणजे भाऊजींचं आहे. पुढे काउंटर, त्याला उचलायची फळी, आत वाफेची प्रेस, प्रेसच्या पलीकडे माझं शिलाई मशीन. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं हे माझ्याकडे. वर छतापासून प्लॅस्टिकमधले कपडे लोंबतात, चालायचं तर मान वाकवूनच. मागे एक दार आहे म्हणतात. त्याच्यासमोर लोकांनी न नेलेल्या कोटांचा दांडा उभा केलाय, त्यामुळे ते उघडलेलं मी काही पाहिलेलं नाही. खिडकीच्या जाळीवर कपड्यांचा भुरा बसून बसून ती भिंतीसारखीच झालीये. प्रेस सुरू झाली की जीव नुसता कासावीस होतो.

हे विशीत इथे आले, ते ‘चार महिने मदत कर रे’ म्हणून. ते चार महिने अजून संपायचेत. मधे भाऊजी म्हणाले, “दुसरं दुकान काढलं की ते तुझं.” दुसरं दुकान निघालं आणि ते भाऊजींच्या मेहुण्याला मिळालं. “त्या बिचाऱ्याला दुसरं काही जमत नाही रे. तू काय, कुठेही उभा राहशील.” हे म्हणाले, “बरं.” आणि उभेच आहेत, त्याच प्रेसपाशी.

भाऊजी दुष्ट असते तर काम सोपं झालं असतं हो. शिव्या घातल्या असत्या आणि निघालो असतो. पण माझ्या ऑपरेशनच्या वेळी तो माणूस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिला होता, घरी जायला तयार नव्हता. अशा माणसाशी भांडायचं कसं? मूग गिळून बसायचं. आम्ही बसलो.

आता खरी गोष्ट. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक मोठं हॉटेल आहे. तिथल्या मॅनेजरच्या कोटावरचा डाग ह्यांनी काढला होता, तेव्हापासून तो ह्यांच्यावर खूश. गेल्या महिन्यात दुकानात येऊन म्हणाला, “आमच्या लाँड्रीचा मुख्य माणूस सोडून चाललाय. तुम्ही या. राहायला दोन खोल्या देतो. शनिवारपर्यंत काय ते कळवा.” मी मशीन थांबवलं. खोल्या! खिडक्या असतील, एवढंच माझ्या मनात आलं.

हे म्हणाले, “दादाला विचारून सांगतो.”

मॅनेजर गेल्यावर मी म्हटलं, “अहो, केस पांढरे झाले. अजून दादाला विचारून?”

“विचारायला नको? अचानक कसं सोडायचं?”

“मग विचारा ना!”

“विचारतो गं. वेळ बघून.”

भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही. भाऊजी रोज यायचे, हे रोज त्यांना खुर्ची पुसून द्यायचे, चहा सांगायचे आणि तोंडात गुळणी धरून उभे राहायचे. दुकानात खुर्ची एकच. भाऊजी गेले की हे माझ्याकडे बघून म्हणायचे, “आज जरा गडबडीत होता.”

त्याच आठवड्यात भरती चालू होती. ह्यांना कपडे पोचवायला जायचं होतं आणि बिल करायला मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरपाशी बसले. बघते तर खेळाच्या दोन खिडक्या उघड्या. एकीत ह्यांची टीम आणि दुसरीत भाऊजींची. भाऊजींचीही टीम आहे हे मला ठाऊक होतं. सगळीकडे मिरवतात, ‘आपल्याला पोरांची पारख आहे’ म्हणून. पण ती इथे कशी?

हे परतल्यावर विचारलं. सरळ सांगितलं त्यांनी, त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. “दादाला वेळ कुठे असतो? पासवर्ड दिलाय त्याने. मीच बघतो त्याचंही.”

“म्हणजे एकाच पोराला दोन्हीकडून तुम्हीच पत्रं पाठवता?”

“हो.”

“आणि पोरगा जातो कुणाकडे?”

हे कोटाला प्लॅस्टिक चढवू लागले. “चांगला असला तर दादाकडे. त्याला जिंकलेलं आवडतं गं.”

मी कपाळाला हात लावला. अहो, स्वतःच स्वतःशी चढाओढ करायची आणि दर वेळी स्वतःच हरायचं! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. तेही खोट्या दळणात! मग आढावा लिहायला बसायचं आणि प्रामाणिकपणे लिहायचं की यंदा सर्वांत चांगली भरती दादाची. प्रामाणिकपणेच, कारण खरंच चांगली असायची. माझा असा संताप झाला की पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवला.

यंदाच्या भरतीत एक पोरगा होता. उंच म्हणजे केवढा, दाराची चौकट मोडावी लागेल एवढा. हे त्याला शिडी म्हणायचे. सगळ्या कॉन्फरन्समध्ये तसा दुसरा नव्हता. आणि शिडीचं मन ह्यांच्या टीमकडे होतं. त्याला घराजवळ राहायचं होतं आणि ह्यांचं कॉलेज त्याच्याच गावात. कॉम्प्युटर तसं दाखवतो, कुणाकडे किती ओढा आहे ते.

“मग?” मी विचारलं.

“दादाच्या टीमला सेंटर नाहीये,” हे म्हणाले. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहणारा सर्वांत उंच गडी.

“तुमच्या टीमला आहे?”

“नाही.”

मी मशीनपुढचं स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसले. काउंटरच्या आत दोघांना बसायला जागा नाही, माझा गुडघा गल्ल्याला लागत होता. म्हटलं, “हे बघा. शनिवारी तुम्हाला दादाकडून स्वतःला सोडवून घ्यायचंय. ते तुमच्याच्याने एकदम होणार नाही. आधी हा पोरगा घ्या. हाताला घ्यायची सवय तरी लागू दे.”

“दादाला काय वाटेल?”

“दादाच्या खिडकीतून पत्र पाठवूच नका. बस्स. काही करायचं नाहीये, फक्त एक गोष्ट करायची नाहीये.”

हसाल तुम्ही, पण त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि प्रेस तर बंद होती. त्यांनी आपल्या टीमकडून शेवटचं पत्र पाठवलं. पहिल्या वर्षापासून खेळवीन, असा शब्द दिला. दादाची खिडकी उघडली, थोडा वेळ तिच्याकडे बघितलं आणि बंद केली. संध्याकाळी निकाल आला. शिडी आमच्याकडे!

आढावा लिहिताना मात्र मी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा नीट बघितला. ओठ हलत होते. ‘उंची भरपूर, हात मऊ, शिलाई पक्की. दोष शोधला, सापडला नाही.’ असं त्यांनी कधी कुणाबद्दल लिहिलं नव्हतं. स्वतःच्या टीमला पहिला नंबर दिला आणि दादाच्या टीमला पाचवा. खरं होतं तेच लिहिलं. मला एवढा आनंद झाला की विचारू नका. बोलणाऱ्याची मातीही विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही. निदान आता बोलायला तरी लागले, मी म्हटलं.

शनिवारी सकाळी भाऊजी आले. फळी उचलून आत आले, खुर्चीवर बसले, फोन काढला.

“काय रे, माझा पाचवा नंबर?”

ह्यांचा पाय प्रेसच्या पेडलवर होता, वाफ सुटत राहिली. मी मशीनवर हात ठेवून बसले होते. आता भांडण झालं तरी चालेल, असं वाटत होतं. भांडण झालं असतं तर त्याच तोंडाने पुढचंही बोलता आलं असतं.

भाऊजी मोठ्याने हसले. उठून ह्यांच्या पाठीवर थाप मारली. “घेतलास ना? घे! अरे वेड्या, मला सांगायचं, दादा, मला तो पोरगा पाहिजे. मी नाही म्हटलं असतं? आजवर कधी तुला कशाला नाही म्हटलंय?” मग माझ्याकडे वळले. “सांग गं तूच, म्हटलंय कधी?”

खरं सांगायचं तर नव्हतं म्हटलं. ह्यांनी कधी काही मागितलंच नव्हतं, तर नाही म्हणणार कशाला?

मी धीर केला. “भाऊजी, ह्यांना तुमच्याशी आणखी एक बोलायचंय.”

“बोल की.”

हे माझ्याकडे बघेचनात. “नाही नाही, काही नाही. ते मशीनला तेल आणायचं होतं.”

“आण ना तेल! गल्ल्यातून घे, विचारतोस काय,” भाऊजी म्हणाले. इस्त्री केलेले आपले शर्ट उचलले आणि शीळ घालत गेले.

नंतर दिवसभर गिऱ्हाईक. लग्नाकार्यांचे दिवस, कोटांचा नुसता ढीग लागला होता. दुपारी हे थोडा वेळ बाहेर जाऊन आले, मला वाटलं तेल आणायला गेले असतील. आल्यावर गुणगुणत होते. प्रेस दाबताना गुणगुणणारा माणूस नव्हे हा. मला वाटलं, मनाशी ठरवलं वाटतं यांनी, संध्याकाळी भाऊजींच्या घरी जाऊन बोलणार. मी दोन खोल्यांत मशीन कुठे ठेवायचं तेही ठरवून टाकलं.

शटर ओढायच्या वेळी मी विचारलं, “मग? हॉटेलवाल्याला आज कळवायचंय ना?”

“कळवलं की. दुपारी फोन केला.”

“काय सांगितलंत?”

“नाही म्हणून सांगितलं.”

मला पहिल्यांदा कळलंच नाही. शटरची साखळी माझ्या हातात तशीच राहिली. “नाही? अहो, का?”

ह्यांच्या तोंडावर काही अपराधी भाव असता, तर मी बोलले असते, आदळआपट केली असती. तसलं काही नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

“अगं, दादा एका शब्दाने बोलला नाही. उलट पाठ थोपटली. इतक्या मोठ्या मनाने दिलं त्याने. आता त्याला सोडून मी कुठल्या तोंडाने जाऊ?”

“काय दिलं?” मी विचारलं. माझा आवाज चढला, समोरच्या दुकानातला चष्मेवाला वळून बघायला लागला. “काय दिलं त्यांनी तुम्हाला?”

“शिडी,” हे म्हणाले, आणि मी घट्ट धरलेली साखळी हळूच सोडवून घेऊन स्वतःच शटर खाली ओढलं. “आता चार वर्षं आपल्याकडेच आहे तो. कुठे जात नाही.”