नामदेवाचं लेआउट अन् माही बैलजोडी

लावा शर्त! पोळ्याचा मान शेवटी मले भेटला का नामदेवाले, हे आधीच सांगून दाखवा. सांगितलं तर माह्याकडून भज्यांची प्लेट. नाही सांगता आलं तर भजे तुमी चारायचे, मिरच्यांसंगं!

आमचं गाव यवतमाळच्या नगरपरिषदेत गेलं, तवापासून किस्स्यांचा ढीग लागला बाप्पा. घंटागाडी रोज सकाळी येते, कचरा घेऊन जाते. किस्से मात्र कोणी नेत नाही. ते माह्याच पोटात साचतात.

नामदेव माह्या बरोबरीचा. एकाच बैलबंडीत बसून आमी कापूस नेला. त्याचं वावर सडकेवर, सारी गोटाड. माहं वावर नाल्याच्या पल्याड, काळंभोर, लोण्यासारखं. तीस वर्षं मी त्याले चिडवलं, "नाम्या, यंदा किती क्विंटल गोटे झाले बे?"

मंग शहर सडकेसडकेनं चालत आलं, अन् नाल्याच्या अल्याडच थांबलं! त्यानं वावराचे प्लॉट पाडले, लेआउट टाकलं, अन् त्याचे गोटे फुटाच्या भावानं गेले. माही काळी माती अजून तूरच पिकवून राह्यली.

नामदेव म्हणे, "सखाराम, कापूस वेचायले बाया शोधा लागतात. प्लॉट वेचायले गिऱ्हाईक सोताच येते!"

मी जळत नाही हो. पोटात जरासं गरम होते, बस.

पण खरं सांगू? मले त्याचे प्लॉट नको होते. मले पाहिजे होता पोळ्याचा मान. तोरणाखालून पहिली जोडी त्याच्या घरची, अन् त्याच्या मांगं आमची. माह्या बापानंही जलमभर त्यायच्या बैलाच्या शेपट्याच पाह्यल्या!

*

एक दिवस शाळेतले एक सर अन् त्यायची बायको प्लॉट पाहाले आले. नामदेव जेवाले गेलता. मी म्हटलं, हाच मोका हाये, सौदा मोडू.

"सर, घर बांधा खुशाल. पण रोही येतात बरं इथं! घोड्याएवढे. अख्खा कळप!"

सर जरा घाबरले. मॅडमचे डोळे मात्र असे मोठे झाले! "अय्या, नीलगाई? गॅलरीतून दिसतील का हो काका?"

एक प्लॉट घ्यायले आलते, कोपऱ्याचाही घेऊन गेले.

संध्याकाळी नामदेव पेढ्याचा डबा घेऊन माह्या दारात. "घे लेका, तुही दलाली!"

पेढे ताजे होते. तेच जास्त झोंबलं.

*

मंग नगरपरिषदेचा साहेब आला. माह्या गोठ्यामांगं उकिरडा हाये, बापजाद्यांपासून. साहेबानं नाकाले रुमाल लावला.

"काका, हा कचरा आठ दिवसांत हटवा."

"साहेब, कचरा नाही, खत हाये ते."

"वास येतो. लोकांची तक्रार आहे."

"सकाळी पोळी खाल्ली काय तुमी? ते यातूनच आली!"

साहेब हसला नाही. नोटीस देऊन गेला. मले सही येते, वाचता येत नाही, म्हणून नोटीस वाचाले नामदेवाकडंच जा लागलं. तो म्हणे, "टेन्शन नको घेऊ, मी उचलतो." दोन ट्रॉल्या भरून नेलं. मी खुश! फुकटात घाण साफ!

पंधरा दिवसांनी माही बायको नामदेवाच्या लेआउटातून एक थैली घेऊन आली. छापील थैली, वरतून गुलाबाचं फूल. तुळशीले खत पाहिजे होतं म्हणे. इकत आणली!

"कसं वाटते?" मी विचारलं.

"लय चांगलं हाये," ते म्हणे, "अगदी आपल्या उकिरड्यासारखं!"

*

लेआउटच्या तोंडाशी नामदेवानं कमान ठोकली. 'नामदेव नगर'. राती लाईटही लागते तिच्यावर!

मी काय कमी हाये? जुन्या पिंपाचा पत्रा ठोकून सपाट केला, पेंटरले चहा पाजला अन् गोठ्यावर पाटी लावली, 'सखाराम नगर'. लोकसंख्या चार. मी, बायको, बांड्या अन् काल्या. त्यातले दोन बैल.

पोरीनं पुण्याहून माह्यासाठी स्वेटर धाडलं, फोनवर म्हणे, पत्त्यावर सखाराम नगरच लिहिलं. मी उड्याच माराले लागलो! पार्सलवाला कमानीपाशी नामदेवाले पत्ता विचाराले लागला.

नामदेव म्हणे, "सिध्धा जा. जिथं नगर हंबरते, तिथं थांब!"

*

आता पोळा.

यंदा नामदेवानं बैल इकले. गोठ्याच्या जागी कार उभी राह्यते. बाकीच्यायनं आधीच ट्रॅक्टर घेतले. साऱ्या गावात जोडी उरली एकच. माही! मान जाईन कुठं? मी तर महिनाभर झोपेतही तोरण तोडून राह्यलो होतो.

आदल्या दिवशी हळद-तुपानं बैलांचे खांदे शेकले. शिंगं रंगवली, नवी झूल घातली. बायको म्हणे, "लग्नातही एवढे सजले नव्हते तुमी!"

पहिले गावची जनावरं जमत तो आमचा आखर. आता तिथं नगरपरिषदेनं सिमेंटचे गट्टू बसवले. वर आंब्याच्या पानांचं तोरण. सारं लेआउट मोबाईल घेऊन हजर. मी कासरा धरला अन् वरडलो, "हर बोला, हर हर महादेव!"

बैल उभेच.

पुचकारलं. शेपटी पिळली. गूळ दाखवला. गूळ खाल्ला, पण पाय हालला नाही!

ते रोहीवाले सर म्हणे, "काका, बॅटरी संपली काय?"

सारा आखर हसला. आमचा मारोती बुवा काठी टेकत पुढं आला. "अबे सखाराम, यायनं जलमभर पुढं नामदेव पाह्यला, मंग पाऊल टाकलं. आज पुढं कोणीच नाही. ते कायले हालतात?"

नामदेव सावलीत उभा. पांढरे कपडे, गॉगल.

गेलो. काय करतो! म्हटलं, "नामदेव, जरा पुढून चाल बे."

"माह्यापाशी बैल कुठं हायेत?"

"तुले ओळखतात ते."

"चालतो," तो म्हणे, "पण रिकाम्या हातानं बरं नाही दिसत. कासरा दे."

मी तोरणाकडं पाह्यलं. आरतीचं ताट घेऊन उभ्या बायकोकडं पाह्यलं. कासरा देल्ला.

बांड्या-काल्या त्याच्या मांगं बकरीसारखे निघाले! डफडं वाजलं, तोरण तुटलं, फोटो निघाले. अन् बैल थांबले कुठं, तर सिध्धे त्याच्या बंगल्यासमोर. त्याच्या बायकोनं पाय धुतले, पुरणपोळी चारली. मी मांगं उभा, झूल सावरून राह्यलो.

पोळ्याले बैल दारात आले का मालकानं बैल सांभाळणाऱ्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवायचा, म्हणजे खुशाली द्यायची, अशी आमच्याकडं रीत हाये. नामदेवानं गॉगल काढला, खिशात हात घातला, अन् साऱ्या गावादेखत माह्या हातावर बोजारा ठेवला.

एक्कावन रुपये.