किल्ल्यातला माझा दगड

ही वही कुणाच्या हाती लागलीच तर आधीच सांगते, ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका. चौथीनंतर मी लिहिली ती फक्त वाण्याची यादी, आणि माझं अक्षर वाण्यालासुद्धा लागत नसे. माफ करा.

दुबईत ऊद मेथाला मी एका पुणेकर साहेबांकडे स्वयंपाकाला होते. महिना सहाशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे सहा हजार रुपये. पगार मी हातात घेत नसे. आम्हा घरकामवाल्या बायकांची रीतच होती, पैसे साहेबांकडे राहू द्यायचे आणि गावी जाताना एकदम घ्यायचे. रत्नागिरीकडच्या माझ्या घरात लेक राहत होती आणि छपराच्या वाशांना वाळवी लागली होती. पावसाच्या आत छप्पर बदलायचं, एवढ्यासाठी मी जमवत होते.

त्याच वर्षी साहेबांनी किल्ला घेतला.

खराखुरा किल्ला, युरोपातल्या आल्प्स नावाच्या डोंगरातला, सहाशे वर्षांपूर्वीचा. एकट्याने नाही, सात मराठी भागीदार मिळून. तो दुरुस्त करून तिथे हॉटेल काढायचं ठरलं होतं. साहेब तरुणपणी सिंहगड चढलेले. "किल्ले आपल्या रक्तातच आहेत," म्हणायचे. ऊद मेथाला मात्र लिफ्ट बंद असली की दुरुस्त होईपर्यंत खाली वॉचमनच्या खुर्चीत बसून राहायचे.

दर शुक्रवारी भागीदार जमत. मी बटाटेवडे तळायचे आणि ते किल्ल्याच्या फोटोंचा अल्बम बघायचे. त्यामुळे किल्ला मलाही पाठ झाला. त्याला सिमेंट चालत नाही, तिथलं सरकार जुन्या पद्धतीने भिजवलेला चुनाच लावायला लावतं. छपराला लाकडी फळ्या, त्याही हाताने फोडलेल्या. एकेका फळीची किंमत साहेब दिरहममध्ये सांगत, मग कुणीतरी ती मोठ्याने रुपयांत करी आणि सगळे आणखी एकेक वडा उचलत. शिवाय उन्हाळ्यात माळ्यावर वटवाघळं पिलं घालतात म्हणून तीन महिने काम बंद. त्यांच्या बाळंतपणाला धक्का लावायचा नाही असा तिथे कायदाच आहे म्हणे. मला ताप आला होता तेव्हा पोळ्या मीच लाटल्या होत्या.

एप्रिलमध्ये भावाचं पत्र आलं, दोन वासे खाली आलेत, पैसे पाठव. मी दोन दिवस धीर गोळा केला आणि साहेबांना विचारलं.

"मावशी, तुमचे पैसे जातायत कुठे? छपरालाच लागलेत."

"माझ्या?"

"किल्ल्याच्या हो! हॉटेल सुरू झालं की इन्शाल्ला दुप्पट देतो. तुमचाही एक दगड आहे तिथे. अभिमान बाळगा!"

ताई, म्हणजे साहेबांच्या बायको, फ्रीज उघडून बराच वेळ आत बघत राहिल्या.

मी अभिमान बाळगला. पण लेकीला काय लिहू? तुझ्या डोक्यावर वाळवी आहे, पण माझा दगड युरोपात आहे?

पुढच्या शुक्रवारी साहेबांनी किल्ल्याचा इतिहास सांगितला. तो बांधणारा सरदार घाटातून जाणाऱ्या मिठाच्या गाड्यांकडून जकात घ्यायचा. शत्रू कधी फिरकलाच नाही. पैसा सगळा जेवणाच्या दालनात घातला.

"आणि हा बुरूज बघा, अर्धाच! गवंड्यांची दोन वर्षांची मजुरी थकवली, तर ते काम टाकून निघून गेले. सहाशे वर्षं तसाच उभा आहे!"

सगळे हसले. एक भागीदार म्हणाले, "म्हणजे चिकट होता म्हणा की!"

"अहो, सरदार माणूस! त्याची शान बघा, शान!"

साहेबांची धाकटी मुलगी म्हणाली, "पपा, सो ही वॉज जस्ट चीप?"

पाहुण्यांसमोर मी कधी तोंड उघडत नसे. पाणी हवं का, हेसुद्धा ताईंच्या कानात विचारायचे. पण त्या दिवशी वड्यांचं ताट हातात घेऊन उभी होते, आणि मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग नंतर दिले का त्या गवंड्यांचे?"

सगळ्यांत वयस्कर भागीदारांच्या पत्नीने बशी खाली ठेवली.

"मावशी, तुमचे किती महिने राहिलेत हो?"

मी ताटाकडे बघूनच म्हटलं, "अकरा."

"अहो, त्यांनीच ठेवायला दिलेत माझ्याकडे," साहेब म्हणाले.

"ठेवलेत ना? मग काढा की."

अल्बम त्या दिवशी लवकर मिटला. दुसऱ्या दिवशी ताईंनी सुट्टीत किल्ला बघायला जायची चारही तिकिटं रद्द केली. धाकटीने फक्त "थँक गॉड" म्हटलं. संध्याकाळी साहेबांनी मला निम्मे पैसे दिले, शंभराच्या तेहेतीस नोटा. त्या मी लगेच भावाला पाठवल्या. राहिलेल्या मेमध्ये, मी गावी निघाले त्या सकाळी दिल्या. तोपर्यंत आधीच्या तेहेतिसांचे वासे होऊन छपरावर चढले होते. आता कौलं घ्यायची होती.

"यल्ला, मावशी, विमान चुकेल," साहेब म्हणाले. "झालं ना? खलास?"

मी दारातच उभी राहून पुन्हा मोजल्या. तेहेतीसच होत्या.

"खलास," म्हटलं.