रेड्याचा चढ आणि नागुबाईचा धोंडा

हिरडवाडीत गाडीवानाशी लग्न लागलं की हळद उतरायच्या आत बाईच्या हातात धोंडा येई. गाव कणकुंबीच्या बाजूला, रानाच्या बेचक्यात. हिरडा भरून बेळगावच्या खडेबाजारात न्यायचा तर गावाबाहेर पडताच रेड्याचा चढ लागायचा. कुण्या लाकडाच्या ठेकेदारानं ही वाट आपल्या सोयीनं नाकासमोर सरळ काढलेली. त्याचं काम झालं, तो गेला, आणि चढ गावाच्या गळ्यात राहिला. बैल वीस-पंचवीस पावलं ओढायचे आणि दम खायला थांबायचे. थांबले की भरलेली गाडी मागं सरकायची. म्हणून बाईनं गाडीमागून चालायचं आणि बैल थांबताच चाकामागं धोंडा सारायचा.

भरमू गाडीवानाची बायको नागुबाई या कामात तरबेज होती. अंगानं काटकुळी, पण नजर चाकावरून हलायची नाही. तिचा धोंडा म्हणजे फुटक्या जात्याचा अर्धा भाग. मधल्या तोंडाची खाच हाताला बरी बसायची. बैल पुन्हा चालू लागले की तो उचलायला मात्र सवड नसे. वाकावं तर गाडी पुढं जाणार, आणि तेवढ्यात बैल थांबले तर कोण बघणार? म्हणून बायका दुसरा धोंडा घेऊन पुढं पळायच्या आणि पहिला वाटेतच राहायचा. चढ संपला की पायी परत येताना सगळे उचलायचे, असा रिवाज होता.

१९३६ सालच्या मार्गशीर्षात नागुबाई एकदाच चुकली. वर वाळलेलं जळण दिसलं म्हणून ती रानातल्या पायवाटेनं उतरली आणि तिचा धोंडा चढावरच राहिला. दुपारी शेजारचा जोतिबा बेळगावाहून मिठाची पोती घेऊन उतारावर आला. चाक जात्याच्या तुकड्यावर चढलं, गाडी कलंडली आणि त्याचा पाय खाली सापडला. बेळगावच्या दवाखान्यात तो गुडघ्याखालून कापावा लागला. लोक जोतिबाला उचलायच्या गडबडीत होते, तेव्हा नागुबाईनं आपला धोंडा ओळखला, पदराखाली घेतला आणि गोठ्यात वैरणीखाली दडवला. घाबरलेलं माणूस काय करेल ते सांगता येत नाही. गाडी धोंड्यावर चढली हे गावाला कळलं, पण तो कुणाचा ते नाही.

जोतिबाची बायको बाळाबाई आणि नागुबाई यांच्या घरांत एकच भिंत. त्या दिवसापासून नागुबाईला त्या भिंतीकडं बघवेना.

तशात त्याच रस्त्यावर खडी पडणार अशी बातमी आली. एकदा खडी पडली की चढ जन्माचा कायम. शाळेच्या श्रीपाद मास्तरांनी सरकारला अर्ज लिहिला, की रस्ता माळावरून वळसा घालून न्यावा, अर्धा मैल वाढला तरी चालेल, पण माणसं वाचतील. अर्जावर चाळीस अंगठे उठले. महिन्यानं उत्तर आलं: रस्त्यात दोष नाही, अपघात गाडीवान दारू प्यायल्यामुळं झाला. जोतिबा सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नसे. हे ज्यानं लिहिलं त्याला बसल्या जागी एवढं कळलं कसं, हे देवच जाणे.

गावानं पुन्हा अर्ज केला, तेव्हा शेवटची पाहणी करायला इंजिनिअर साहेब यायचे ठरले. आदल्या दिवशी देवळापुढं बैठक बसली आणि सगळ्यांचं एकमत झालं, की धोंड्याचं नाव कुणी काढायचं नाही. काढलं तर साहेब म्हणणार, तुमच्याच बाया वाटेत धोंडे टाकतात. नागुबाईला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज त्याहून जास्त वाटली.

सकाळी साहेब चढावर उभे राहिले. हातातला कागद बघत त्यांनी सांगितलं, चढ उभा आहे खरा, पण शुद्धीवरच्या माणसाची गाडी इथं उलटायचं कारण नाही. जोतिबा कुबड्यांवर उभा होता. बाळाबाईनं मान खाली घातली. नागुबाई तडक गोठ्यात गेली, वैरण उपसली आणि जात्याचा तुकडा आणून साहेबांच्या बुटांपुढं ठेवला.

"त्यो पिऊन नव्हता, सायेब. ह्यो धोंडा माझा हाय. मीच वाटंत ठेवून गेलते."

मास्तरांनी डोळे मिटले. भरमू बायकोकडं बघतच राहिला. बाळाबाईनं मान वर केली. साहेबांना तर आयतंच हाती आलं. म्हणजे दोष रस्त्याचा नाही, तुमचा, असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली.

"चूक माझीच," नागुबाई म्हणाली. "पर धोंडा न लावता ह्यो चढ चढून दावा."

साहेब इरेला पेटले. भरमूची भरलेली गाडी आणवली आणि कुणीही धोंडा लावायचा नाही असं बजावून स्वतः मागून चालू लागले. वीस पावलं झाली, बैल थांबले. गाडी सरकली, आणि सरकता सरकता वेग घेऊ लागली. साहेबांचा पाय खडकाच्या फटीत अडकला. तुकडा उचलून कडेनं चाललेल्या नागुबाईनं हुकमाची पर्वा केली नाही. खाली झेप घेऊन तिनं जात्याचा तुकडा चाकामागं सारला. चाक बुटापासून वीतभर अंतरावर थांबलं.

बैलांनी दम खाल्ला आणि पुन्हा ओढ घेतली. गाडी पुढं गेली, धोंडा वाटेतच राहिला. साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग त्यांनी कागद उघडला, जोतिबाबद्दलची ओळ खोडली आणि माळाकडची वाट दाखवा म्हणाले.

माळावरून रस्ता व्हायला दीड वर्ष लागलं. तेवढ्या काळात बाळाबाई नागुबाईशी एक शब्द बोलली नाही. भिंतीवरून विस्तव देणं बंद, ताक देणं बंद. नागुबाईनंही कधी माफी मागितली नाही. कापलेल्या पायाची माफी कुठल्या तोंडानं मागायची?

नव्या रस्त्यानं पहिल्या गाड्या निघाल्या तेव्हा जोतिबा पुढच्या गाडीत बसला होता. बैल कुठंही न थांबता चालले होते. नागुबाई सवयीनं गाडीमागून चालत होती, हातात जात्याचा तुकडा. बाळाबाई मागून आली आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली.

"टाक की गं त्यो धोंडा आता," ती म्हणाली.

नागुबाईनं भरल्या डोळ्यांनी हात सैल केला.

"हितं न्हाय," बाळाबाईनं तिचं मनगट धरलं. "कडंला टाक."